टेम्प्लेटनं नेमकं काय हिरावलं?

डिझायनर मंडळींमध्ये टेम्प्लेटचा, म्हणजे फक्त मजकूर बदलून वापरायच्या तयार मांडणीचा, विषय निघाला की दोन सूर ऐकू येतात. एक हवालदिल झालेल्यांचा: आता कुणीही उठतो आणि दहा मिनिटांत पोस्टर करतो, आपल्याला कोण विचारणार? दुसरा धीर देणाऱ्यांचा: चांगल्या डिझायनरला कशाचीच भीती नाही, टेम्प्लेट सुमार काम करणाऱ्यांच्या पोटावर येईल, बाकीच्यांनी निर्धास्त राहावं. मला हा दुसरा सूर जास्त घातक वाटतो. तो लावणारे बहुतेक सगळे आधीच चांगले डिझायनर झालेले असतात. ते चांगले कसे झाले, कोणत्या कामांवर त्यांचा हात बसला, त्या शिकण्याच्या काळात त्यांना पैसे कुणी दिले, हा हिशोब त्या दिलाशात कुठेच नसतो.

टेम्प्लेटमुळे हा व्यवसाय बुडेल असं मलाही वाटत नाही. पण त्यानं एक नुकसान केलेलं आहे, ते दिसायला वेळ लागतो, आणि ते नवख्यांचं आहे. अनुभवी डिझायनरचं काम टेम्प्लेट सहसा घेत नाही. उद्याचा अनुभवी डिझायनर ज्या कामांवर घडायचा, ती कामं मात्र ते घेतं.

आधी टेम्प्लेटला त्याचं श्रेय देऊ. तयार टेम्प्लेट्स पुरवणारं कॅनव्हा हे संकेतस्थळ २०१३ साली सुरू झालं. त्याच्या संस्थापकांपैकी मेलनी पर्किन्स त्याआधी ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये विद्यार्थ्यांना डिझाइनची सॉफ्टवेअर्स शिकवत असत. कोणतं बटण कुठे आहे हे समजण्यातच मुलांचा सगळा वेळ जातो, हे त्यांनी तिथे पाहिलं आणि त्या अडचणीतून ही कल्पना निघाली. अडचण खरी होती आणि तिच्यावरचा उपायही चोख होता. लहानशी संस्था, एकट्यानं शिकवण्या घेणारी शिक्षिका, महिन्यातून एकदा व्याख्यान ठेवणारं मंडळ, यांच्याकडे डिझायनरला द्यायला पैसे नव्हतेच. ही मंडळी पूर्वी वर्ड उघडून रंगीबेरंगी अक्षरांत काहीतरी जुळवायची. आज तीच माणसं टेम्प्लेट घेतात आणि निकाल पुष्कळ बरा दिसतो. यात कुणाचं काम गेलं असं म्हणता येत नाही, कारण ते काम डिझायनरपर्यंत कधी पोचतच नव्हतं.

पण पर्किन्स यांनी सोडवलेली अडचण सॉफ्टवेअर शिकण्याची होती. काय सांगायचं, कुणाला सांगायचं, त्यातलं आधी काय दिसायला हवं आणि काय गाळायचं, ही अडचण जिथल्या तिथेच आहे. या दोन्हींची गल्लत आपण डिझायनरांनीच वर्षानुवर्षं होऊ दिली. ओळख करून देताना आपण सॉफ्टवेअरची नावं सांगितली, बिलात ‘डिझाइन’ म्हणून फायलींची संख्या लिहिली, आणि विचारात गेलेला वेळ कुठेच दाखवला नाही. मग फाइल स्वस्तात मिळू लागल्यावर आपलं सगळंच काम स्वस्त झालं असं क्लायंटला वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

तयार सामग्री ही काही आजची गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकातले छापखाने खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या शिशाच्या अक्षरांच्या, ओतशाळांचे जाडजूड नमुनासंग्रह बाळगत, आणि त्यातून किनारी, वेलबुट्ट्या, हात, घोडे, जहाजं यांचे तयार ठसे मागवत. १९६० च्या दशकात लेट्रासेट कंपनीच्या पारदर्शक तावांवरून अक्षरं घासून कागदावर उतरवता येऊ लागली आणि सुलेखन न येणाऱ्याच्याही हाती नेटकं शीर्षक आलं. १९८५ मध्ये मॅकिंटॉश संगणकावर पेजमेकर हे पानं मांडण्याचं सॉफ्टवेअर आलं, सोबत लेझर प्रिंटर होता, आणि जुळणी, पेस्ट-अप (जुळवलेला मजकूर कापून पानावर चिकटवणं), मांडणी ही तीन माणसांची कामं एका टेबलावर आली.

हा इतिहास सहसा धीर देण्यासाठी सांगितला जातो: बघा, प्रत्येक वेळी ओरड झाली आणि प्रत्येक वेळी डिझायनर वाढलेच. वाढले हे खरं आहे. पण गेले ते वेगळे आणि वाढले ते वेगळे. न्यू यॉर्क टाइम्सनं जुलै १९७८ मध्ये शिशाच्या खिळ्यांची जुळणी थांबवली, तेव्हा लायनोटाइप या जुळणीच्या यंत्रावर आयुष्य काढलेले कंपोझिटर उद्याचे आर्ट डायरेक्टर होणार नव्हते. व्यवसाय तगला म्हणून त्यातली माणसं तगली असं होत नाही. दिलासा देणाऱ्यानं हा फरक लपवू नये.

मात्र त्याच इतिहासातून दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. यान चिखोल्ड हे विसाव्या शतकातले मोठे अक्षरमांडणीकार १९४७ मध्ये पेंग्विन प्रकाशनात गेले. तिथे पुस्तकं अनेक छापखान्यांत छापली जात आणि प्रत्येकाची जुळणी आपापल्या सवयीप्रमाणे होई. चिखोल्ड यांनी शब्दांतलं अंतर, परिच्छेदाची सुरुवात, विरामचिन्हं, तळटिपा यांच्यासाठी चार पानांची नियमावली केली आणि मुखपृष्ठांची चौकट पुन्हा बांधून काढली. साध्या शब्दांत सांगायचं तर त्यांनी टेम्प्लेटच तयार केलं. पुढे ते इतर माणसांनी वापरलं, आणि त्यामुळे पुस्तकं सुधारली.

तेव्हा टेम्प्लेट आणि डिझाइन हे एकमेकांचे शत्रू आहेत असं मानायचं कारण नाही. चिखोल्ड यांची चौकट आणि आज संकेतस्थळावर रांगेत मांडलेली हजारो टेम्प्लेट्स यांत फरक कशानं पडतो, हे विचारावं. चिखोल्ड यांच्यासमोर मजकूर होता. कोणती पुस्तकं, किती लांबीची नावं, कोणता कागद, कोणता वाचक हे त्यांना ठाऊक होतं. संकेतस्थळावरचं टेम्प्लेट करणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं, आणि तो त्याचा दोष नाही. म्हणून तो स्वतःच सोयीचा मजकूर कल्पतो. शीर्षक दोन शब्दांचं, नाव छोटं, छायाचित्रात एकच हसरा चेहरा आणि उजवीकडे भरपूर मोकळी जागा. टेम्प्लेट सुंदर दिसतं त्यात या कल्पित मजकुराचा वाटा मोठा असतो.

त्यात खरा मजकूर आला की काय होतं ते एका व्याख्यानाच्या पोस्टरवर पाहू. शीर्षक नऊ शब्दांचं आहे. वक्ते तीन, अध्यक्ष एक, आणि प्रत्येकाच्या नावाखाली हुद्दा हवा. तारीख, वेळ, स्थळ, नोंदणीची सूचना, सहकार्य करणाऱ्या चार संस्थांची बोधचिन्हं. तीन वक्त्यांची छायाचित्रं फोनवरून आलेली: एकाच्या मागे पडदा, दुसऱ्याच्या मागे गर्दी, तिसऱ्याचं समूहचित्रातून कापलेलं. टेम्प्लेटमध्ये हे बसवणारा माणूस जे करतो ते अगदी स्वाभाविक असतं. तो अक्षरं लहान करतो. मग आणखी लहान करतो. बोधचिन्हं कोपऱ्यात सारतो. मोकळी जागा भरून जाते, आणि ज्या मोकळेपणासाठी ते टेम्प्लेट निवडलं होतं तोच संपतो. डिझायनरनं इथे पहिल्यांदा विचारलं असतं की लोक कशासाठी येणार आहेत, विषयासाठी की वक्त्यासाठी? अध्यक्षांचं नाव पोस्टरवर असणं गरजेचं आहे का, की ते कार्यक्रमपत्रिकेत पुरेल? तीन वाईट छायाचित्रांपेक्षा एकही नसलेलं बरं नाही का? यातला एकही प्रश्न सॉफ्टवेअरचा नाही, पण पोस्टर कसं दिसणार ते याच उत्तरांवर ठरतं.

देवनागरीत तर अडचण आणखी खोल जाते. बहुतेक टेम्प्लेट्स रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. तिथे सगळी मोठी अक्षरं वापरून ओळी एकमेकींना जवळजवळ चिकटवल्या की ठसठशीत शीर्षक होतं, कारण त्या अक्षरांना वर-खाली काही लटकत नाही. त्याच चौकटीत मराठी शीर्षक टाकलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. रोमनमध्ये अक्षरं फाकवून दिली की भारदस्तपणा येतो. तेच अंतर देवनागरीला दिलं की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं. शीर्षक एका घराण्याचं आणि आकडे दुसऱ्याचे, अशी पोस्टरं रोज दिसतात. करणाऱ्याला काहीतरी बिनसलंय एवढं जाणवतं, पण काय ते कळत नाही. ते कळायला लिपी हाताळलेली असावी लागते.

पोस्टर बिघडलं तर फार तर चार माणसं कमी येतील. पण सगळाच मजकूर असा निरुपद्रवी नसतो. अमेरिकेत डेबरा ॲडलर या डिझाइनच्या विद्यार्थिनीच्या आजीनं चुकून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. बाटल्या जवळजवळ सारख्या होत्या. ॲडलर यांनी न्यू यॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समध्ये आपल्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी हाच विषय घेतला. औषधांच्या त्या पिवळट गोल बाटलीचं आणि तिच्यावरच्या लेबलचं एक ठरलेलं साचेबंद रूप होतं आणि दुसऱ्या महायुद्धापासून ते फारसं बदललेलं नव्हतं. लेबलवर सर्वांत ठळक काय, तर औषधाच्या दुकानाचं बोधचिन्ह. औषधाचं नाव आणि ते कसं घ्यायचं हे बारीक अक्षरांत, आणि बाटली गोल असल्यामुळे वाचण्यासाठी ती फिरवावी लागायची. ॲडलर यांनी आधी माहितीचा क्रम लावला: औषधाचं नाव सर्वांत वर, मग घेण्याची पद्धत, दुकानाचा तपशील शेवटी. सपाट बाजूंची बाटली आली, जी टोपणावर उलटी उभी राहते. घरातल्या प्रत्येक माणसासाठी बाटलीच्या गळ्याला वेगळ्या रंगाचं कडं आलं. टार्गेट या दुकानसाखळीनं २००५ मध्ये ही बाटली आपल्या औषध विभागांत आणली.

पुढे जे घडलं ते मला अधिक बोलकं वाटतं. २०१५ मध्ये टार्गेटचे औषध विभाग सीव्हीएस या औषधदुकानांच्या साखळीनं घेतले आणि त्यानंतर ती बाटली बंद होऊन सर्वत्र असते तशी साधी गोल बाटली परत आली. ग्राहकांनी तक्रारी केल्या, जुन्या बाटल्या जपून ठेवल्या. एखाद्या वस्तूच्या मागचा विचार काढून घेतल्यावर वापरणाऱ्यांना त्याची उणीव इतकी स्पष्ट जाणवल्याचं उदाहरण सहसा सापडत नाही. डिझाइन म्हणजे वरची सजावट, असं मानणाऱ्या प्रत्येकानं हे प्रकरण वाचावं.

पण इथे मला दिलासा देणाऱ्यांच्या पंगतीत बसायचं नाही. औषधाची बाटली, रुग्णालयातले दिशादर्शक फलक, सरकारी अर्ज ही कामं टेम्प्लेटच्या आवाक्याबाहेर आहेत, म्हणून डिझायनर सुरक्षित आहेत, असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. असल्या कामांवर थेट कुणी पोचत नाही, ही त्यातली अडचण आहे. तिथपर्यंत जाणारी वाट व्हिजिटिंग कार्ड, पत्रशीर्ष, पत्रकं, छोट्या जाहिराती, स्मरणिकेची पानं यांच्यावरून जायची. टेम्प्लेटनं नेमकी तीच कामं उचलली.

ही कामं किरकोळ म्हणून हिणवली जातात. त्यांनी काय शिकवलं ते पाहा. व्हिजिटिंग कार्डावर चार ओळी बसवताना समास म्हणजे काय ते समजतं. एखादं पत्रक छापखान्यात गेलं की तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कडेबाहेर छापून नंतर कापला जाणारा भाग, न ठेवल्यामुळे कडेला पांढरी रेघ कशी उमटते ते दिसतं. बारीक काळा मजकूर चार रंगांच्या मिश्रणातून छापला तर प्लेट केसभर सरकल्यावर अक्षरांना रंगीत सावल्या येतात, तो फक्त काळ्या शाईत ठेवायचा असतो, हे एकदा प्रूफ हातात घेऊन पाहिलं की आयुष्यभर विसरत नाही. पडद्यावर लखलखणारा निळा कागदावर मलूल होतो. स्मरणिकेच्या शिवणीकडच्या बाजूला समास कमी पडला की मजकूर खोबणीत जातो. आणि या सगळ्याहून महत्त्वाचं म्हणजे समोर माणूस असतो. तो अर्धाच मजकूर आणतो, उरलेला फोनवर सांगतो, छपाईच्या आदल्या संध्याकाळी तारीख बदलतो. त्याला नेमकं काय हवंय हे त्याच्याकडून काढून घ्यायला नवखा डिझायनर इथेच शिकतो. चूक झाली तर नुकसान थोडं असतं, आणि शिकताना थोडेफार पैसेही मिळतात.

आता या वाटेची सुरुवातच पुसट झाली आहे. मोठ्या स्टुडिओत नवख्याला मिळणारं कामही बदललं. पूर्वी एका जाहिरातीचे वीस आकार करायला, जुनी छायाचित्रं साफ करायला, मजकूर ओतायला नवी मुलं लागायची. कंटाळवाणं काम होतं, पण ते करताना शेजारच्या टेबलावर अनुभवी माणूस क्लायंटशी कसं बोलतो, काय नाकारतो, का नाकारतो ते कानावर पडायचं. आकार बदलणं आता बटणावर आलं. २०२२ नंतर मजकुरावरून चित्रं बनवणारी साधनं सर्रास झाली आणि उरलंसुरलं कामही आक्रसलं. नोकरीच्या जाहिरातीत मात्र अनुभव मागितलेला असतो.

यावर उत्तर मिळतं की आजची मुलं घरबसल्या शिकतात, व्हिडिओ पाहतात, काल्पनिक ब्रँडसाठी कामं करून संग्रह तयार करतात. त्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. काहींचं सॉफ्टवेअरवरचं प्रभुत्व थक्क करणारं असतं. चांगलं टेम्प्लेट उघडून त्यातला समास एवढाच का, शीर्षक आणि मजकुराच्या आकाराचं प्रमाण काय, हे मोजणं हाही उत्तम अभ्यास आहे. पण काल्पनिक कामात मजकूर आपणच लिहितो, म्हणजे तो हवा तेवढाच असतो. नाव छोटं, छायाचित्र निवडून घेतलेलं. टेम्प्लेटच्या कल्पित मजकुराची जी अडचण, तीच इथेही आहे. अडणारा, वाढणारा, आयत्या वेळी बदलणारा मजकूर खऱ्या कामातच भेटतो, आणि त्याच्याशी झगडूनच डिझायनर तयार होतो. संग्रह पाहून भारावलेला क्लायंट पुढे पहिल्याच कामात निराश होतो, त्याचं कारण बहुतेकदा एवढंच असतं.

मग करायचं काय? टेम्प्लेट वापरू नका असा प्रचार करण्यात अर्थ नाही आणि तो न्याय्यही नाही. ज्याचं आयुष्य दोन दिवसांचं आणि चूक झाली तरी फारसं बिघडणार नाही, अशा कामाला टेम्प्लेट घ्यावं. पण जे वाचून कुणाला काहीतरी करायचं आहे, म्हणजे अर्ज भरायचा, औषध घ्यायचं, वाट शोधायची, हक्क मागायचा, तिथे विचार करणारा माणूस बसवावा. आणि जी ओळख वर्षानुवर्षं टिकवायची तिच्यासाठी तयार चिन्ह घेऊ नये. टेम्प्लेटमधली चित्रं आणि चिन्हं हजारोंना एकाच वेळी वापरण्याची परवानगी असते. कॅनव्हासारख्या सेवांच्या नियमांतच लिहिलेलं आहे की त्यांच्या तयार बोधचिन्हावर ट्रेडमार्क म्हणून एकट्याचा हक्क सांगता येत नाही. हे पुष्कळांना पाटी रंगवून झाल्यावर कळतं.

डिझाइनच्या शाळांनी विद्यार्थ्यांना सुबक काल्पनिक विषय देणं कमी करावं. एखाद्या संस्थेचा खराखुरा, विस्कळीत, चुका असलेला अहवाल द्यावा आणि छापून हातात येईपर्यंत तो पूर्ण करून घ्यावा. नेहमीच्या आकाराचा मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडद फरक, संकेतस्थळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार किमान ४.५ : १ हवा, हे त्यांना परीक्षेपुरतं सांगू नये, अधू दृष्टीच्या माणसाला ते पान वाचायला द्यावं. संस्थेनं त्या कामाचे पैसे द्यावेत. ‘तुमचं नाव होईल’ या बोलीवर कोवळ्या मुलांकडून फुकट काम करून घेण्याची पद्धत टेम्प्लेटहून जुनी आहे आणि तिनं केलेलं नुकसानही कमी नाही.

अनुभवी डिझायनरांकडून माझी अपेक्षा सर्वांत जास्त आहे. क्लायंट टेम्प्लेट वापरणारच असेल तर ते त्याच्यासाठी आपण करावं, चिखोल्ड यांनी केलं तसं, त्याचा मजकूर समोर ठेवून. त्यांच्याकडचं सर्वांत लांब नाव कोणतं, सर्वांत वाईट छायाचित्र कसं येतं, मराठी आणि इंग्रजी शीर्षक एकाच पानावर आलं तर कुठलं वर, हे पाहून चौकटी बांधाव्यात. आणि चौकटी हाती देऊन निघून जाऊ नये. पहिले काही महिने त्या कार्यालयात जाऊन, त्या वापरणाऱ्या माणसाशेजारी बसून त्या कुठे अडतात, कुठे माणसं नियम मोडतात आणि का मोडतात, हे पाहणारं कुणीतरी हवं. नवख्याला बसवायला ही जागा उत्तम आहे. समोर खरा मजकूर, खरा माणूस, नुकसान बेताचं आणि मागे आधाराला अनुभवी डिझायनर. त्या वेळेचे पैसे बिलात स्वतंत्र ओळीत लिहावेत, आणि ते त्या नवख्याच्या हातात पडावेत.